राजाची अडीच घरं

दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये बुद्धिबळाचा पट अंथरला, की पहिली खेळी होण्याआधी एक प्रश्न ठरलेला असायचा, ‘कोणत्या नियमानं?’ जंक्शनचं गाव ते. आमच्या एका ओळीत सोलापूरची माणसं होती, मनमाडकडची होती, तेलुगू बोलणारी दोन कुटुंबं होती. जो तो आपल्या घरचं लोणचं आणि आपल्या गावचे नियम बरोबर घेऊन आलेला. प्रश्न न विचारता डाव मांडला, तर विसाव्या खेळीला भांडण हमखास. मी दहा वर्षांची होते आणि मला वाटायचं, सगळ्या जगात बुद्धिबळ असंच सुरू होतं. आधी नियम ठरवायचे, मग मोहरी मांडायची.

१९७२ च्या श्रावणात आबा, म्हणजे वडिलांचे वडील, शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याकडून आमच्याकडे राहायला आले. श्रावण कोरडा गेला होता. विहिरीनं तळ गाठला होता, चुलते खडी फोडायच्या कामावर जात होते. खाणारं एक तोंड कमी व्हावं म्हणून आबा दौंडला आले, हे मला फार उशिरा समजलं. त्यांनी सोबत एक वळकटी आणली, आणि तिच्यात गुंडाळलेली एक खादीची पिशवी. पिशवीत लाखेनं रंगवलेली लाकडी मोहरी होती, सोळा तांबडी आणि सोळा हिरवी. एका हिरव्या घोड्याचा कान तुटलेला. पट कापडी होता, शिवून केलेला. त्यावर काळी-पांढरी घरं नव्हती. सगळी चौसष्ट घरं एकाच रंगाची, फक्त काही घरांत दोऱ्यानं फुल्या काढलेल्या.

त्या पटावर मी पहिल्यांदा पाहिलं, की राजाला एक खास अधिकार असतो.

आबांच्या नियमात राजाला सबंध डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता यायची. अट एकच, तोवर त्याला शह लागलेला नसावा. एकदा शह बसला, की ती उडी गेली ती गेलीच. त्यामुळं चांगला खेळणारा सुरुवातीलाच कुठूनतरी शह टोचून द्यायचा. मारायला काही नसलं तरी चालेल, पण समोरच्या राजाची उडी मोडून ठेवायची. मला आधी तो शह वायफळ वाटायचा. आबा म्हणाले, “वायफळ न्हाई पोरी. त्याच्या खिशातला रुपया काढून घेतलाय मी. आता त्यो रुपया असल्यासारखा चालायचा न्हाई.”

प्याद्याचंही वेगळं होतं. पहिल्या खेळीला दोन घरं पळणं नाही, एकेक घर चालायचं. शेवटच्या ओळीला पोचलं, की ज्या मोहऱ्याच्या रांगेत पोचलं तेच ते व्हायचं. हत्तीच्या रांगेत हत्ती, घोड्याच्या रांगेत घोडा, मधल्या दोन रांगांत वजीर. शिवाय त्या रांगेचं मूळ मोहरं पटावर जिवंत असेल, तर प्याद्यानं अलीकडच्या घरात थांबून राहायचं. धनी मरेल तेव्हा जागा मिळेल. घोड्याच्या रांगेत पोचलेल्या प्याद्याला मात्र घोडा होताच लगेच एक उडी मिळायची.

आणि बुर्जी. समोरच्याचं एकूण एक मोहरं मारलं आणि राजा एकटा उरला, तर डाव जिंकला नाही, बरोबरीत सुटला. मात द्यायची असेल तर त्याच्याजवळ काहीतरी शिल्लक ठेवूनच द्यावी लागायची. मी एकदा हावऱ्यासारखी आबांची सगळी मोहरी मारली आणि टाळ्या पिटल्या. त्यांनी शांतपणे पट गुंडाळला. म्हणाले, “समद्या घराला झाडू मारून कुणी जिकत नसतं.” दुष्काळाचं वर्ष होतं. वडिलांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि कुणीच काही बोललं नाही.

हे नियम आबांनी शोधले नव्हते, त्यांच्या गावानंही नव्हते शोधले. मोठी झाल्यावर, शिरूरला शाळेत शिकवायला लागल्यावर, मी जमेल तिथून या खेळाचा मागोवा घेत गेले. एक गोष्ट पक्की झाली. बुद्धिबळात मोहऱ्यांचे अधिकार कधीच स्थिर नव्हते. जे खेळले, त्यांनी ते दिले आणि काढून घेतले.

खेळाचं जुनं नाव चतुरंग. चार अंगांची सेना, म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. अल् बिरूनीनं अकराव्या शतकात आपल्याकडचा जो खेळ पाहिला, तो चौघांनी खेळायचा होता आणि त्यात फासे होते. फाशावर जे पडेल त्याप्रमाणे मोहरं हलवायचं. म्हणजे राजाचा अधिकारसुद्धा नशिबाच्या हाती. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ बाराव्या शतकात, ११३० च्या आसपास, रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये बुद्धिबळ आहे. पुढे सतराव्या शतकात काशीला नीलकंठ भट्ट झाले. हे घराणं मूळचं आपल्या पैठणचं. त्यांच्या ‘भगवंतभास्कर’ या मोठ्या ग्रंथाचा एक भाग आहे ‘नीतिमयूख’, राजनीतीवरचा, आणि बुद्धिबळ तिथे येतं. चौसष्ट घरांतून घोडा प्रत्येक घरी एकदाच जाऊन कसा फिरवायचा, याचाही विचार नीलकंठांनी केला आहे. धर्म, दान, श्राद्ध यांवर लिहिणारा शास्त्री एका घोड्याच्या मागे पटभर फिरतो, हे वाचून मला आबांचा तुटक्या कानाचा घोडा आठवला होता.

मोहरीही जागा पाहून बदलली. बंगालमध्ये आपल्या हत्तीच्या जागी नौका आहे, कारण तो नद्यांचा मुलूख. आपल्याकडे तिरकं जाणारं मोहरं उंट झालं. आज जो वजीर सगळ्या पटावर मोकाट फिरतो, तो मुळात तिरकं एकच घर चालणारा बिचारा कारभारी होता. त्याच्या शेजारचं मोहरं तिरकं दोन घरं उडी मारायचं, एवढंच. पंधराव्या शतकाच्या अखेरीला युरोपात, स्पेनच्या बाजूनं, त्या दोघांना लांबलचक चाल देण्यात आली आणि संथ खेळ एकदम धारदार झाला. तो अधिकार पुढे आपल्याकडेही रुजला. आबांचा देशी वजीर पूर्ण ताकदीनंच फिरायचा.

राजाच्या उडीची गोष्ट तर मला फार जवळची वाटते. अशी एकदाची उडी युरोपातही होती, गावोगाव वेगळी. कुठे दोन घरं, कुठे घोड्यासारखी. तिच्यातूनच राजा आणि हत्ती यांची जोडखेळी घडत गेली आणि सोळाव्या-सतराव्या शतकात स्थिरावली. ती म्हणजे आजचा किल्लेकोट. त्यालाही अटी आहेत. राजा हललेला नसावा, त्या क्षणी शह नसावा, आणि डावात एकदाच. आबांची अडीच घरं आणि आजचा किल्लेकोट ही दोन भावंडं आहेत. एक शहरात शिकायला गेलं, एक गावी राहिलं.

मी ज्या शिरूरमध्ये चाळीस वर्षं राहिले, त्याला जुनी माणसं घोडनदी म्हणतात. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहानंतर पेशव्यांच्या खर्चानं जी इंग्रजी फौज ठेवायची ठरली, तिची छावणी इथे घोड नदीच्या काठी होती. म्हणजे दोन तऱ्हेचे कायदे, दोन तऱ्हेची कवायत आणि दोन तऱ्हेचे खेळ आपल्या मुलखात शेजारी आले, त्यातली एक जागा ही. त्याच काळात, १८१४ साली, मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं एक पुस्तक इंग्रजीत छापलं गेलं. मूळ संस्कृत, त्याचं हे भाषांतर. डावातल्या अवघड जागा आणि त्यांची सोडवणूक असं त्याचं स्वरूप. शीर्षकातच सांगितलं आहे, की हे युरोपीय खेळपद्धतीशी जुळवून घेतलेलं आहे. मला ते शीर्षक फार बोलकं वाटतं. एक शास्त्री समोरच्या परक्याला विचारतो आहे, कोणत्या नियमानं? आणि आपली विद्या त्याच्या नियमात बसवून दाखवतो आहे.

याच शिरूरहून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटनची तुकडी निघाली. पायदळात महार शिपाई मोठ्या संख्येनं होते. दुसऱ्या दिवशी भीमेकाठी कोरेगावात ते पायदळ पेशव्यांच्या कितीतरी मोठ्या फौजेपुढे दिवसभर टिकून राहिलं. आज शाळाशाळांतून ज्या घडणीची मोहरी वापरतात, तीही स्टाँटनच्याच नावानं ओळखली जातात. पण तो हॉवर्ड स्टाँटन, इंग्लंडमधला बुद्धिबळपटू, आणि ती मोहरी १८४९ साली बाजारात आली. नाव एक, माणसं दोन. मुलांना हे सांगताना मी पुढे प्यादेमात सांगते. आबांच्या खेळात सगळ्यात मोठा मान प्याद्यानं मात देण्याला होता. वजिरानं कुणीही मात देतो. पायी चालत गेलेल्यानं राजाला कोंडलं, तर तो डाव गावात आठवडाभर सांगितला जायचा.

आता रेल्वे. १८७८ साली दौंड–मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन झालं. माझ्या लहानपणी बारामतीची गाडी अरुंद रुळांवरून यायची. मोठ्या गाडीचा डबा तिच्या रुळांवर चढत नसे, तिचा मोठ्या रुळांवर. पोती एकीतून उतरवून दुसरीत टाकावी लागत. हमालांच्या पाठी भरून यायच्या. वडील वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. ते म्हणायचे, रूळ एका मापाचे झाले तर देश एक होईल. बुद्धिबळाचं तेच झालं. गावातल्या पारावर खेळायचं तर गावचा नियम पुरतो. पण परगावच्या, परदेशातल्या माणसाबरोबर खेळायचं, तर एक माप लागतं. १९२४ साली पॅरिसमध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. पंजाबातला मीर सुलतान खान देशी नियमांवर वाढला आणि मोठेपणी नवे नियम शिकला. पुढे १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा त्यानं ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं. सांगलीत १९४१ साली भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं आणि मराठी मुलांच्या कितीतरी पिढ्या तिथे जागतिक नियमांनी घडल्या. १९५१ मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला. रूळ एका मापाचे होत गेले. त्याचं मोल मी कमी लेखत नाही. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकून आली, ती याच रुळांवरून.

आबा दौंडला आले तेव्हा वर्तमानपत्रांत फिशर आणि स्पास्की यांचा रेक्याविकचा जगज्जेतेपदाचा सामना गाजत होता. दादा, माझा मोठा भाऊ, तेरा वर्षांचा. तो रोज खेळ्या वाचून दाखवायचा आणि आबा आपल्या कापडी पटावर त्या लावायचे. पहिल्याच दिवशी किल्लेकोट आला. आबांनी तो तीनदा लावून पाहिला. म्हणाले, “राजाला हत्तीच्या आडोशाला नेलं व्हय? बरी आहे की उडी.” त्यांना नवा नियम परका वाटला नाही. त्यांनी त्यात आपल्याच घरचं काहीतरी ओळखलं.

याच दिवसांत आम्ही बहीण-भावानं आमचा खेळ काढला.

स्टेशनाच्या फाटकाबाहेर वापरून टाकलेली तिकिटं पडलेली असत. त्या वेळची तिकिटं पुठ्ठ्याची होती, जाड, बोटभर लांब. मागची बाजू कोरी. दादानं एका तिकिटावर शाईनं लिहिलं, ‘शंटिंग’. हे तिकीट टाकलं, की आपल्याच दोन मोहऱ्यांच्या जागांची अदलाबदल करायची. मी लिहिलं, ‘लाल सिग्नल’. समोरच्याचं राजा सोडून कुठलंही मोहरं एका खेळीपुरतं जागेवर उभं. मग तिकिटं वाढत गेली. ‘डबल इंजिन’, हत्तीच्या सलग दोन खेळ्या. ‘फाटक’, एक उभी रांग एका खेळीपुरती बंद. ‘परतीचं तिकीट’, मेलेलं एक प्यादं पुन्हा त्याच्या मूळ घरात. प्रत्येकाला चार तिकिटं. तिकीट टाकणं हीच तुमची खेळी. वापरलेल्या तिकिटाला आईच्या दाभणानं भोक पाडायचं, की ते संपलं.

पहिले आठ दिवस खेळ निव्वळ गोंधळ होता. दादानं ‘अमर राजा’ असं एक तिकीट केलं. राजा दहा खेळ्या मरत नाही. तो ते टाकायचा आणि खुशाल राजा पुढे काढून चालायला लागायचा. मी रडून आबांकडे गेले. आबा जात्याशेजारी तंबाखू मळत बसले होते. त्यांनी तिकीट हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि दादाला विचारलं, “हे टाकल्यावर हिनं काय करायचं?” दादा म्हणाला, “काही नाही.” आबांनी तिकीट चुलीत टाकलं. “समोरच्याला करायला काय उरंना, त्यो अधिकार न्हवं. ती अरेरावी.”

दुसरी भानगड लपवण्याची. आम्ही तिकिटं मुठीत लपवून खेळायचो आणि ऐनवेळी काढायचो. आबांनी तेही बंद केलं. म्हणाले, माझ्या राजाची उडी तुला पहिल्या खेळीपासनं दिसती. म्हणून तू शह टोचून ती मोडतीस. झाकलेल्या उडीला कोण मोडणार? तेव्हापासून तिकिटं पटाशेजारी उघडी मांडली जायला लागली, आणि खेळ एकदम खोल झाला. आता न वापरलेलं तिकीटही काम करायचं. दादाचं ‘डबल इंजिन’ समोर दिसत असताना माझा वजीर त्याच्या हत्तीच्या दोन टप्प्यांत जायला धजायचा नाही.

तिसरी गोष्ट वाटपाची. कुणाला कोणती चार? यावरून रोज मारामारी. आबांनी शेताच्या वाटणीची रीत सांगितली. एका भावानं वाटे करायचे, दुसऱ्यानं आधी उचलायचं. म्हणजे वाटे करणारा आपोआप सरळ हातानं करतो. दादा वाटे करायचा, मी आधी उचलायची, दुसऱ्या डावाला उलट. त्या दिवसानंतर वाटपावरून भांडण झालेलं मला आठवत नाही.

या तीन गोष्टी मी नंतर कितीतरी खेळांत आणि खेळाबाहेरही तपासून पाहिल्या. अधिकाराला उत्तर असलं पाहिजे. तो दोघांना दिसला पाहिजे. आणि तो वाटून देणाऱ्यानं शेवटी उचललं पाहिजे. आबा चौथीपर्यंत शिकलेले होते.

एप्रिल १९७३. भीमेचं पात्र नुसतं वाळूचं झालं होतं. पाण्याला नंबर लावायचे. अशा दिवसांत मी एक तिकीट लिहिलं, ‘पूर’. कुठून सुचलं माहीत नाही. नियम असा, की हे तिकीट पटाच्या मध्यावर, चौथ्या आणि पाचव्या ओळीच्या मधे, आडवं ठेवायचं. तिथे भीमा. समोरच्याच्या एका खेळीपुरतं कुठलंही मोहरं अलीकडून पलीकडे जाणार नाही. उडी मारणारा घोडासुद्धा नाही.

तिकीट आबांच्या वाट्यात गेलं. त्या संध्याकाळचा डाव मला घरांसकट आठवतो. माझा हत्ती माझ्या बाजूला मोकळ्या रांगेत उभा होता. पुढच्या खेळीला तो सरळ जाऊन आबांच्या शेवटच्या ओळीत मात देणार होता. आबांच्या राजाची उडी मी कधीच मोडली होती. माझी टाळी तयार. आबांनी बराच वेळ पट पाहिला, मग पुराचं तिकीट उचलून हलकेच मध्यावर आडवं ठेवलं. माझा हत्ती अलीकडेच अडकला. मी हसले. एकाच खेळीचा तर पूर, ओसरू दे. मी एका कोपऱ्यातलं प्यादं उगाच पुढे ढकललं आणि दाभण घेऊन तिकिटाला भोक पाडलं. आबांचं एक प्यादं केव्हाच नदी उतरून माझ्या राजापाशी येऊन उभं होतं. त्याच्याकडे मी पाहिलंच नव्हतं. ते एक घर सरकलं. शह. मी राजाला घर शोधायला लागले. एकही नव्हतं. प्यादेमात.

पुरानं मला हरवलं नाही. पूर ओसरायची वाट बघत बसले, म्हणून हरले.

आबा जिंकल्यावर कधी बोलत नसत. त्या दिवशी तिकीट हातात धरून म्हणाले, “औंदा भीमेला पूर आला म्हणायचा. ह्या कापडावर का हुईना.”

जूनमध्ये पाऊस झाला आणि आबा पेरणीला गावी गेले. पिशवी घेऊन गेले. जाताना माझ्याकडून ते भोक पाडलेलं तिकीट मागून घेतलं.

पुढच्या वर्षी, १९७४ मध्ये, वासंती खाडिलकर महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. वर्तमानपत्रातला मजकूर दादानं मला वाचून दाखवला आणि मी ठरवलं, आपणही स्पर्धेत उतरायचं. १९७५ साली, तेराव्या वर्षी, एका शालेय स्पर्धेत पहिल्यांदा बसले. दुसऱ्या फेरीत राजा अडचणीत यायच्या बेतात होता, शह अजून लागला नव्हता, आणि माझा हात आपोआप गेला. मी राजाला अडीच घरं उडवलं. पंच आले. अशी खेळी नसते, म्हणाले, आणि डाव हरल्याचं जाहीर केलं. सभोवतालची मुलं हसली. नियमाप्रमाणे चूक माझीच होती. किल्लेकोट मला येत होता, फिशरचे डाव मी लावले होते. पण घरची उडी बोटांत होती. मला राग आला तो हरल्याचा नाही. त्या माणसानं मला सांगितलं, की अशी खेळी नसते. ती होती. आबांच्या पटावर होती, आबांच्या आबांच्या पटावर होती. ‘इथे चालत नाही’ असं त्यांनी म्हणायला हवं होतं. दोन्ही वाक्यांत खूप अंतर आहे, आणि पुढे शिक्षक म्हणून मी ते अंतर आयुष्यभर सांभाळलं.

जुनं ते सगळं सोनं, असं मला म्हणायचं नाही. प्याद्याची आबांकडची बढती मला तेव्हाही टोचायची. ज्याच्या रांगेतून गेलास तेच होशील, आणि तेही तो मेल्यावर. ही जुन्या गावाची रीत पटावर उतरलेली आहे. फायरमनच्या मुलीला हत्ती, घोडा, वजीर, जे हवं ते होता यावं, हा जागतिक नियम मला जास्त न्यायाचा वाटतो. पण बुर्जी गेली याची हळहळ वाटते. समोरच्याला पार धुऊन काढणं म्हणजे जिंकणं नव्हे, असं सांगणारा नियम एखाद्या खेळात असणं ही त्या समाजाची कमाई असते. ती पुस्तकात तरी नोंदवून ठेवायला हवी. शिरूर, दौंड, श्रीगोंदा, कर्जत या पट्ट्यात देशी डाव खेळलेली माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत. त्यांच्यासमोर पट मांडा, विचारा, लिहून घ्या.

आणि नवे नियम काढणं हा पोरखेळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी मोठी उदाहरणं आहेत. तैमूरच्या दरबारातला मोठा पट एकशे बारा घरांचा होता आणि त्यात जिराफही होता. जगज्जेत्या कापाब्लांकानं १९२० च्या दशकात ऐंशी घरांचा पट सुचवला. त्यात दोन नवी मोहरी होती. एकात उंट आणि घोडा यांची ताकद एकत्र, दुसऱ्यात हत्ती आणि घोड्याची. आणि ज्या फिशरच्या खेळ्या आबांनी कापडी पटावर लावल्या, त्यानंच १९ जून १९९६ रोजी ब्वेनोस आयरेसमध्ये आपला नवा खेळ जाहीर केला. मागच्या ओळीतली मोहरी चिठ्ठ्या टाकल्यासारखी मांडायची, म्हणजे ९६० तऱ्हेच्या सुरुवाती. पाठांतर संपावं आणि दोन माणसांनी पटावर बसून विचार करावा, ही त्याची तळमळ होती. खेळातला सगळ्यात मोठा माणूसही शेवटी ‘कोणत्या नियमानं?’ इथेच परत आला.

आबांच्या मागे ती खादीची पिशवी माझ्याकडे आली. एकतीस मोहरी आहेत, एक हिरवं प्यादं हरवलं, तिथे मी चिंचोका ठेवते. पुराचं तिकीटही त्यातच होतं, भोकासकट.

निवृत्त झाल्यावर शिरूरला घराच्या ओसरीवर रविवारी मुलं खेळायला येतात. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीमुळं आता आमच्या गावात बिहारची, ओडिशाची, मराठवाड्याची कुटुंबं आहेत. दौंडच्या क्वार्टर्ससारखंच झालंय. मागे एक बिहारी मुलगा पहिल्याच दिवशी राजाला अडीच घरं उडवून बसला. बाकीची मुलं ओरडली. मी त्याला विचारलं, कुणी शिकवलं? म्हणाला, दादाजींनी. मी आत गेले आणि कापडी पट घेऊन आले.

मी आधी जागतिक नियम पक्के करून घेते, स्पर्धेला तेच लागतात. मग महिन्यातून एका रविवारी तिकिटं काढते, पुठ्ठे कापून. मुलं त्यांचे अधिकार त्यांच्या जगातून आणतात. आठवीतल्या एका मुलीनं परवा लिहिलं, ‘लाइट गेली’. एका खेळीपुरतं कुणीच कुणाला मारू शकत नाही. तिच्यासमोर तो बिहारी मुलगा बसला होता. आठ तिकिटं मधे होती. तिनं बराच वेळ विचार करून त्यांचे दोन वाटे केले, एक तिकीट इकडून तिकडे सरकवलं, परत मागे घेतलं. मी तिला काही सांगितलं नव्हतं, आबांचं तर तिला नावही माहीत नाही. तिनं दोन्ही वाटे त्याच्यापुढे ढकलले आणि म्हणाली, “तू आधी उचल.”